एकादशीचं बदक

चहा घ्या, तोवर मेधा आत आहे. ती बाहेर यायच्या आत मी हे सांगून टाकतो, कारण तिच्या सांगण्यात मी फार मूर्ख दिसतो. माझ्या सांगण्यात जरा कमी दिसेन. अर्थात पाहुणीला प्रेमानं जेवायला बोलवायचं, आणि ती जेवत असताना तिच्यासमोर गुडघे टेकून 'मी तुला विष घातलंय' असं रडत सांगायचं, यात शहाणं दिसायला फारसा वाव नसतोच म्हणा.

२००७ची गोष्ट. आम्ही तेव्हा मिल्टन कीन्सला होतो. तुम्ही गेला नसाल तर सांगतो, ते गाव म्हणजे नुसते चौकाचौकातले राउंडअबाउट. एकातून सुटलात की दुसऱ्यात अडकलात. एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर आमच्या पुण्याच्या ऑफिसातून दोघं गेलो होतो, मी आणि व्यंकट. ख्रिसमसनंतर काम कमी होणार होतं आणि दोघांपैकी एकालाच एक्स्टेन्शन मिळणार होतं. दुसऱ्यानं बॅगा भरायच्या.

आता मला एक्स्टेन्शन हवं होतं ते काही इंग्लंडच्या हवेसाठी नव्हे. माझ्या बायकोनं, मेधानं, पुण्यातली चांगली नोकरी सोडली होती माझ्यामागे येताना. कितीतरी महिने खिडकीत बसून पाऊस बघितल्यावर तिला नुकतंच तिथल्या लायब्ररीत काम मिळालं होतं. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून ती इतकी खूश होऊन घरी आली की झोपेपर्यंत काढलंच नाही तिनं ते. पुन्हा तिला उचलून न्यायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

आणि दोघांपैकी कोण राहणार हे ठरवणार होती रेनाता. ती क्लायंटच्या बाजूची टीम लीड, ब्राझीलच्या अगदी वरच्या टोकाला बेलेम म्हणून शहर आहे तिथली. बाई कामाला कडक, पण बोलायला मोकळी.

एक दिवस लंचला ती माझ्या डब्यातल्या भेंडीकडे बघत उदास बसली होती. मी विचारलं काय झालं. म्हणाली, आमच्या गावी ऑक्टोबरात देवीची मोठी मिरवणूक निघते आणि त्या दिवशी घरोघरी बदक शिजतं. तुकुपी नावाच्या पिवळ्याधमक आंबट रसात. वरून एक खास पाला घालतात. यंदा जाता येत नाही म्हणून आईनं मावसभावाबरोबर रसाची बाटली आणि पाला पाठवलाय, पण माझ्या भाड्याच्या खोलीत नुसता मायक्रोवेव्ह आहे, आणि बदक काही मला करता येत नाही, ते आईच करते.

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं 'अरेरे' म्हणून भेंडी खाल्ली असती. पण मी आयटीतला माणूस. क्लायंटच्या तोंडून अडचण निघाली की आमच्या तोंडून आपोआप 'नो इश्यूज' निघतं. आधी हो म्हणायचं, मग काय ते बघायचं. यावर आमची अख्खी इंडस्ट्री उभी आहे.

"नो इश्यूज," मी म्हणालो. "माझ्या घरी ये शनिवारी. मी करतो."

"तुला बदक करता येतं?"

"म्हणजे काय? आमच्याकडे नेहमीच होतं."

आमच्याकडे! सदाशिव पेठेत आमच्या घरी अंडं आलं तरी वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या जिन्यानं यायचं. मी स्वतः बाहेर कधीमधी चिकन खातो, पण ते शिजलेलं, मसाल्यात लपलेलं आणि कुणीतरी दुसऱ्यानं केलेलं. बदक मी त्याआधी फक्त तळ्यात पाहिलं होतं.

घरी येऊन सांगितलं तर मेधा आधी हसली आणि मग गंभीर झाली. कारण घरात सासूबाई होत्या. मेधाची आई, तीन महिन्यांसाठी आलेल्या. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या. त्या घराचं भाडं मी भरायचो, पण स्वयंपाकघर आल्या दिवसापासून त्यांचं होतं.

"बदक?" आई म्हणाल्या. "शनिवारी एकादशी आहे, श्रीपादराव."

"आई, पण माझ्या एक्स्टेन्शनचा प्रश्न आहे."

"तुमचं एक्स्टेन्शन बदकावर अवलंबून आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मेधानं त्यांना बाजूला नेलं आणि लायब्ररीचं सांगितलं असावं. कारण आई परत आल्या त्या अटी घेऊनच. बदक माझ्या ओट्यावर यायचं नाही, म्हणाल्या. माझ्या भांड्यांना लागायचं नाही. गॅरेजमध्ये काय घालायचा तो गोंधळ घाला, टेबलावर आणा, मी आत बसेन. मी सगळ्याला हो म्हणालो. तसंही हो म्हणण्यात माझा हातखंडा आहेच.

आता खरा खड्डा मी जिथे खणला ती जागा दाखवतो. शुक्रवारी रेनातानं बाटली आणि गोठवलेल्या पाल्याची पिशवी माझ्या हातात दिली. "रस नुसता गरम कर, बदक घाल, शेवटी पाला घाल," एवढंच म्हणाली. आणि पाल्याकडे बोट दाखवून गालातल्या गालात हसली. "हे तुला आवडेल बघ."

दुपारी मी जरा इंटरनेटवर वाचलं. हा रस निघतो कसावाच्या कंदातून, म्हणजे आपला साबुदाणा होतो त्याच कंदातून, आणि कच्चा रस म्हणजे साक्षात विष. तासन्‌तास उकळला तरच ते विष उडून जातं. नाही उकळला तर माणूस उडून जातो.

रेनाता चार टेबलं पलीकडे बसली होती. उठून विचारता आलं असतं की बाई, हा उकळलेला आहे की कच्चा? पण विचारलं असतं तर ज्याच्याकडे नेहमीच बदक होतं त्याला एवढंही माहीत नाही, हे कळलं असतं ना? मी गप्प बसलो आणि ठरवलं, आपणच उकळू तासन्‌तास.

राहिलं बदक. सुपरमार्केटमध्ये एक कच्चं बदक हातात घेतलं, थंडगार आणि गुळगुळीत. डोकं नव्हतं त्याला, तरी ते माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. ठेवलं परत. शनिवारी दुपारी गुपचूप टेकअवेतून एक अख्खं भाजलेलं चायनीज बदक आणलं. बाहेरून छान तपकिरी, चकचकीत, पण गोड मसाल्यानं माखलेलं. हे ब्राझीलचं म्हणून कसं खपणार? मग मी ते मागच्या बागेत नेलं आणि नळाखाली साबण न लावता जेवढं धुता येईल तेवढं धुतलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून माझ्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी "लव्हली आफ्टरनून" म्हणाले आणि आत गेले.

मग रस. त्यात अजून बदक पडलेलं नव्हतं, म्हणजे तो ओट्यावर चालणार होता. गॅसवर चढवला तर आई येऊन बघायला लागल्या.

"कसला रस म्हणालात हा?"

"साबुदाण्याचा जो कंद असतो ना आई, त्याचा."

आईंचे डोळे चमकले. सकाळपासून त्यांनी खिचडी आणि एक केळं यावर दिवस काढला होता. "म्हणजे उपवासाला चालेल."

"चालेल काय, धावेल."

"आणि हा पाला?"

"कोथिंबिरीसारखाच आहे. कोथिंबीर चालते ना आपल्याकडे?"

"आमच्याकडे चालते. तुमच्याकडे नाही चालत, तुमच्या आईनं मला मेधाच्या केळवणातच ऐकवलं होतं. पण मी आमच्या घरचं पाळते. मला वाटीभर काढून ठेवा, बदकाकडे न्यायच्या आधी."

वाटलं, वा! एका दगडात दोन पक्षी. बॉसही खूश, सासूही खूश. मनुष्य असा स्वतःवर खूश झाला की समजावं, आता ठेच लागणार.

रस उकळायला लागला आणि घरभर वास सुटला. वाईट म्हणत नाही, पण चार दिवसांच्या ताकात कुणीतरी मोजे भिजत घातल्यासारखा तो वास होता. आईंनी नाकाला पदर लावला. मेधानं सगळ्या खिडक्या उघडल्या. मी घड्याळाकडे बघून तासन्‌तासाचा हिशेब करतोय तेवढ्यात दारावरची बेल. रेनाता एक तास आधी हजर! राहवलं नाही म्हणे.

हातात फुलं, अंगावर नवा ड्रेस, आणि दारातच तिनं डोळे मिटून तो वास छातीभर घेतला. "आईच्या घरी आल्यासारखं वाटतंय," म्हणाली. आता हिला तीन तास कुठे बसवणार? काय बोलणार तिच्याशी? मी म्हटलं उकळलाय की चांगला, एवढं बघतं कोण, आणि गॅस बंद केला. आईंची वाटी भरली, वर पाला घातला. आईंनी स्वतः चिमूटभर मीठ टाकलं. बाकीचा रस गॅरेजमध्ये नेऊन खास बाहेरून आणलेल्या पातेल्यात ओतला, त्यात बदक बुडवलं, छोट्या पोर्टेबल शेगडीवर गरम केलं, पाला घातला आणि टेबलावर आणून ठेवलं.

रेनातानं पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी भात आणायला आत गेलो.

आत आई रिकामी वाटी पुढे घेऊन बसल्या होत्या आणि एका बोटानं स्वतःचे ओठ चाचपत होत्या.

"श्रीपादराव, माझे ओठ जागेवर आहेत का बघा जरा."

"म्हणजे?"

"लागत नाहीयेत हाताला. जीभ पण कुठेतरी गेलीय. आणि मुंग्या येतायत तोंडभर."

मेधा म्हणाली, "थांब, मी बघते," आणि मी ओरडेपर्यंत तिनं आईंच्या वाटीच्या तळाशी उरलेल्या पानांतलं एक चावलं. दोन मिनिटांत तिनं माझ्याकडे बघितलं. "अरे श्री, मला पण काही कळत नाहीये तोंडात."

मग मी काय केलं असेन? जगात इतका हुशार माणूस दुसरा नसेल. खात्री करायला मी पण खाल्लं. आणि माझी जीभ, सांगतो तुम्हाला, दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यासारखी लाकूड झाली.

मी फोन उचलला आणि ९९९ लावला.

"कुठली सेवा हवी?" पलीकडून बाईचा शांत आवाज.

"ॲम्ब्युलन्स. माझ्या सासूबाईंना विषबाधा झालीय."

"त्या श्वास घेतायत का?"

मी मागे वळून बघितलं. आई म्हणाल्या, "घेतेय. आणि ऐकतेय पण."

"काय खाल्लंय त्यांनी?"

"बदक. म्हणजे बदक नाही, त्या शाकाहारी आहेत. बदकाचा रस. नाही, रस बदकाचा नाही, बदकासाठीचा. आईनं पाठवलेला."

"त्यांच्या आईनं?"

"नाही हो, माझ्या बॉसच्या आईनं."

पलीकडून बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या की गाडी पाठवतेय, आणखी कुणी हे खाल्लंय का?

आणखी कुणी! मी फोन मेधाच्या हातात कोंबला आणि बाहेरच्या खोलीत धावलो.

रेनाता खुर्चीत मागे टेकली होती. वाटी संपलेली. डोळे मिटलेले, ओठ थरथरतायत आणि गालांवरून घळाघळा पाणी वाहतंय. मी म्हटलं, संपलं. परक्या देशात, दुसऱ्याच्या लेकीला, तिच्याच आईच्या रसानं मी मारलं. मला खरंच रडू फुटलं. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटलो.

"रेनाता, मला माफ कर. मी रस पुरता उकळला नाही. ते विष आहे. ॲम्ब्युलन्स येतेय, झोपू नकोस, माझ्याकडे बघ. मला बदक करता येत नाही. आमच्याकडे बदक कधीच होत नाही, आमच्याकडे अंडंसुद्धा होत नाही. हे चायनीज टेकअवेचं आहे, मी बागेत नळाखाली धुतलं. मी तुला बोलावलं ते फक्त एक्स्टेन्शनसाठी. मला आधीच विचारायचं होतं पण मला लाज वाटली."

रेनातानं डोळे उघडले. गाल पुसले. माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"विष कसलं?" ती म्हणाली. "आईनं घरी दिवसभर उकळूनच बाटलीत भरलाय तो. तयारच येतो. मी तुला म्हटलं ना, नुसता गरम कर."

"मग ओठ?"

"तो पाला. त्यानं तोंड बधिर होतं. त्याच्यासाठी तर खातात. तुझी गंमत करावी म्हणून मी आधी सांगितलं नाही."

"मग तू रडतेस का?"

"आईची आठवण आली म्हणून," ती म्हणाली.

दारात आई उभ्या होत्या. ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "तरीच. अक्कलकाऱ्यासारखं लागत होतं. लहानपणी दाढ दुखली की आम्हाला तेच चघळायला द्यायचे." हे तुम्हाला आधी नाही का आठवलं, असं मी म्हणणार होतो, पण गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला फार बोलता येत नाही. मेधानं फोनवर त्या शांत बाईंची माफी मागून गाडी परत पाठवायला सांगितली. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, शनिवार आहे.

"एकच विचारा तिला," आई मला म्हणाल्या. "रसात कांदा-लसूण नाही ना? एकादशी आहे."

मी विचारलं. रेनाता म्हणाली, लसूण तर भरपूर असतो, लसणाशिवाय तुकुपी कसली?

"नाही म्हणतेय आई," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. "श्रीपादराव, गार्लिक मी पाचवीच्या मुलांना शिकवलंय."

एवढ्या कबुलीनंतर अर्ध्या मिनिटात हे! सवय जाते का हो? मी मान खाली घातली. रेनाताला हे सगळं मेधानं समजावलं. रेनातानं दुसरी वाटी भरून घेतली आणि सावकाश खात म्हणाली, "रस माझ्या आईचा. पाला माझ्या गावचा. बदक चायनीज. मग यात तू काय केलंस?"

"मीठ," मी म्हणालो.

"मीठ मी घातलं," आई म्हणाल्या.

मग मात्र सगळ्या हसल्या. रेनाता, आई, मेधा, तिघी. मला वाटलं, चला, वादळ गेलं. हसली म्हणजे माफ केलं. मी धीर करून उठलो, चहा टाकला. निघताना रेनाता दारात थांबली, आईंना मिठी मारली, त्यांच्या बधिर गालाची पापी घेतली, आणि माझ्याकडे वळली.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तू एक्स्टेन्शनसाठी एवढा खटाटोप केलास म्हणून सांगते. मी काल संध्याकाळीच नाव पाठवलंय. तुझं."

मेधानं माझा दंड धरला. अजून आठवतं मला, किती घट्ट धरला होता.

"कारण काय लिहिलं होतं माहितीये?" रेनाता म्हणाली. "की हा माणूस 'येतं' म्हणाला की येतंच. याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही." तिनं कोट चढवला, गळ्याशी स्कार्फ नीट केला. "सोमवारी सकाळी दुसरी मेल पाठवते."

पाठवली. बाई कामाला कडक होती, हे मी आधी सांगितलं नाही का? जानेवारीत व्यंकट राहिला आणि आम्ही आलो. मेधानं ते लायब्ररीचं ओळखपत्र परत दिलं. विमानात बसल्यावर तेवढं विचारलं, की व्यंकटला असं काय येतं जे तुला येत नाही?

म्हणून मी व्यंकटलाच फोन करून विचारलं. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, काही नाही रे, तुझ्या आधी दोन दिवस तिनं मलाही बदकाचं विचारलं होतं. मी म्हटलं, मला येत नाही.